अकरावीत शिकणाऱ्या मुलीने शिफारसपत्र कोणत्या शिक्षकांकडे मागावे?

प्रश्न – एक आई, न्यू जर्सी

नमस्कार. माझी मुलगी येथील सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीत आहे आणि येत्या हिवाळ्यात तिचे कॉलेजचे अर्ज जातील. तिला मटेरियल्स इंजिनिअरिंग शिकायचे आहे. शाळेच्या समुपदेशकांनी सर्व मुलांना बजावले आहे की जूनमध्ये शाळा सुटण्यापूर्वी दोन शिक्षकांना शिफारसपत्राविषयी विचारून ठेवावे, कारण सप्टेंबरमध्ये बारावीची सगळी मुले एकदम त्याच मोजक्या शिक्षकांकडे जातात आणि काही शिक्षक मग नवीन विनंत्या घेणे थांबवतात. विचारायचे कोणाला, यावर मात्र आमच्या घरात एकमत होत नाही.

तिच्यासमोर चार नावे आहेत. एपी (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) कॅल्क्युलसच्या सरांकडे तिला वर्षभर ए प्लस मिळत आला आहे, परंतु ती वर्गात स्वतःहून बोलत नाही, आणि सरांना तिचे नाव व गुण यांपलीकडे तिच्याविषयी काही ठाऊक असेल असे मला वाटत नाही. रसायनशास्त्राच्या बाईंनी तिला दहावीत ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, वर्गात आणि यंदा एपीच्या वर्गात शिकवले. तेथे पहिल्या सत्रात तिला बी प्लस मिळाला, त्यानंतर ती शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबू लागली आणि आता ए मायनसपर्यंत आली आहे. इतिहासाच्या सरांसाठी तिने अमेरिकेत स्थायिक झालेले पंजाबी गृहस्थ भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाच्या १९२३ मधील खटल्यावर निबंध लिहिला. पहिला खर्डा सरांनी लाल शाईने भरून परत दिला होता. तिने तो मुळापासून पुन्हा लिहिला. चौथे नाव विज्ञान विभागाच्या प्रमुखांचे आहे. त्यांनी तिला नववीत भौतिकशास्त्र शिकवले होते, आणि आमच्या ओळखीतील अनेक पालकांचे म्हणणे असे की त्यांचे विद्यार्थी मोठमोठ्या विद्यापीठांत जातात, तेव्हा काहीही करून त्यांचेच पत्र मिळवावे.

तिच्या वडिलांचे मत कॅल्क्युलसच्या सरांना आहे, कारण मुलीला अभियांत्रिकीकडे जायचे आहे आणि त्या विषयात तिचे गुण सर्वांत चांगले आहेत. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. आम्ही दोघेही महाराष्ट्रात शिकलो. आमचे प्रवेश बारावीच्या गुणपत्रिकेवर झाले आणि आमच्याविषयी कोणत्याही शिक्षकाला कोणी काही विचारले नाही, त्यामुळे या पत्रांत नेमके काय पाहिले जाते याची आम्हाला कल्पना नाही.

आणखी दोन गोष्टी विचारते. ती रविवारी आमच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करते. तेथील संचालिकांचे पत्र चालेल का? आणि शिक्षकांना विनंतीची ईमेल मी आई म्हणून लिहिली तर योग्य दिसेल का, कारण मुलगी भिडस्त आहे आणि तिला विचारायचा धीर होत नाही.

उत्तर १ – निवृत्त शिक्षिका, पेन्सिल्व्हेनिया

मी येथील हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे आणि नोकरीच्या काळात दर उन्हाळ्यात शिफारसपत्रे लिहीत आले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. तुमच्या मनातली शंका रास्त आहे. कॅल्क्युलसच्या सरांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, परंतु तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते लिहू शकतील असे एकच विधान मला दिसते, ते म्हणजे ही मुलगी गणितात उत्तम आहे. हे विधान प्रवेश कार्यालयाच्या हातात आधीच असते. गुणपत्रक आहे, एपीचे निकाल असतील, परीक्षेचे गुण असतील. शिक्षकाचे पत्र मागवले जाते ते गुणपत्रकात न दिसणारी गोष्ट कळावी म्हणून, आणि ती गोष्ट ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे तोच शिक्षक ती लिहू शकतो.

एक उदाहरण देते. माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती, बोलायला अगदी कमी. टायट्रेशनच्या प्रयोगात ब्युरेट नावाच्या खुणा केलेल्या नळीतून किती द्रावण सोडावे लागले ते मोजतात; त्यात दोन वाचने एकमेकांशी जुळली की बहुतेक मुले वही मिटतात. तिचे पहिले वाचन उरलेल्या दोन वाचनांपेक्षा बरेच जास्त आले होते. ते खोडून पुढे जाणे सोपे होते आणि तसे केले असते तर मलाही कळले नसते. तिने ते वाचन तसेच ठेवले, शेजारी प्रश्नचिन्ह काढले, आणि दुपारी परत येऊन ब्युरेट पुन्हा भरून पाहिली. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला होता. द्रावण सोडताना तो निघून गेला आणि तेवढी जागा द्रावणाने भरून काढली, म्हणून वाचन फुगले होते. हे तिने वहीत दोन ओळींत लिहून ठेवले. त्या वर्षी वर्गात तिच्यापेक्षा अधिक गुण मिळवणारी मुले होती, पण पत्र लिहायला बसल्यावर मला तिच्याविषयी काय लिहू असा प्रश्न पडला नाही. ‘अत्यंत कष्टाळू व हुशार’ हे शब्द मी कोणत्याही मुलाविषयी लिहू शकते, आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असते. बुडबुड्याची हकिकत मात्र त्या एकाच मुलीची होती.

तुमच्या मुलीने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत थांबून नेमके काय केले, हे त्या बाईंनी पाहिले आहे. बी प्लसपासून ए मायनसपर्यंतचा प्रवास त्यांच्यासमोर झाला आहे, आणि दोन वेगवेगळ्या वर्षांत त्यांनी तिला शिकवले आहे. मटेरियल्स इंजिनिअरिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलीसाठी याहून चांगली साक्ष मला सुचत नाही. बी प्लसची भीती बाळगू नका. तो गुणपत्रकात दिसणारच आहे, आणि त्याच्यामागे काय घडले हे सांगणारे कोणी असेल तर उत्तमच.

पत्रासोबत शिक्षकांना एक तक्ताही भरता येतो, याची पुष्कळ पालकांना माहिती नसते. कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांना एकाच अर्जाने अर्ज करता येणाऱ्या संकेतस्थळाच्या शिक्षक-मूल्यमापनात शैक्षणिक यश, लेखनाची प्रत, स्वतंत्र विचार, वर्गातील चर्चेतील सहभाग, परिपक्वता, सचोटी, अपयशाला दिलेला प्रतिसाद, इतरांविषयीची आस्था अशा बाबी असतात, आणि प्रत्येकीपुढे ‘सरासरीपेक्षा कमी’ यापासून ‘वरच्या पाच टक्क्यांतील’ आणि त्याहीपुढे ‘माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक’ इथपर्यंतच्या श्रेणी असतात. मत देण्यास आधार नाही, असेही नोंदवता येते. ज्या सरांनी मुलीला अडखळताना कधी पाहिलेच नाही, ते अपयशाला दिलेल्या प्रतिसादापुढे प्रामाणिकपणे काय लिहिणार? चर्चेतील सहभागापुढे काय लिहिणार? बाकी सगळीकडे वरची श्रेणी आणि या दोन ठिकाणी मोकळी जागा, असा तक्ता वाईट नसतो, पण त्यातून माणूस उभा राहत नाही.

ही पत्रे खरोखर वाचली जातात का, असे अनेक जण विचारतात. सगळ्या कॉलेजांविषयी मी बोलणार नाही. परंतु हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरील खटला २०१८ साली बॉस्टनच्या संघीय न्यायालयात चालला तेव्हा त्यांची अंतर्गत कार्यपद्धती उघड झाली, आणि तीत अर्ज वाचणारे अधिकारी दोन्ही शिक्षकांच्या व समुपदेशकांच्या पत्रांना प्रत्येकी स्वतंत्र श्रेणी देत असल्याचे दिसून आले.

विभागप्रमुखांविषयी. पत्राखालच्या पदनामाने पत्राचे वजन वाढते, ही समजूत आपल्या समाजात फार घट्ट आहे. वाचणारा अधिकारी त्या सरांना ओळखत नसतो; त्याच्या दृष्टीने ते एका हायस्कूलचे शिक्षक असतात, आणि त्यांचे विद्यार्थी मोठ्या विद्यापीठांत गेले असतील तर ते त्या विद्यार्थ्यांच्या कामामुळे गेलेले असतात. शिवाय नववीतली मुलगी आणि आजची मुलगी यांत फार अंतर आहे. बहुतेक कॉलेजांना अकरावी किंवा बारावीत मुख्य विषय शिकवलेल्या शिक्षकांचे पत्र हवे असते. तेव्हा हे नाव मी बाजूला ठेवीन.

शेवटी भिडस्त मुलांविषयी, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. शांत मुलांकडे शिक्षकांचे लक्ष नसते असे पालक धरून चालतात, आणि तसे असेलच असे नाही. हात वर न करणारी मुले आम्हाला त्यांच्या वहीतून कळतात. चुकलेल्या उत्तरपत्रिकेची दुरुस्ती त्यांनी कशी केली, प्रयोगातल्या जोडीदाराला न ओरडता कसे समजावले, तास संपल्यावर दाराशी थांबून कोणती एकच शंका विचारली, यांतून कळतात. म्हणून कॅल्क्युलसच्या सरांचे नाव कायमचे खोडण्यापूर्वी मुलीला एकदा विचारा की त्यांच्या वर्गात असे काही घडले आहे का, जे तुम्हाला घरी माहीत नाही. तसे काही असेल तर माझे मत बदलेल.

उत्तर २ – एक पालक, बे एरिया

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एका व्यावहारिक गोष्टीची भर घालतो, कारण ती न पाहिल्यामुळे ऐन वेळी धावपळ होते. शिक्षक ठरवण्याआधी कॉलेजांची यादी समोर ठेवावी आणि प्रत्येक कॉलेज कोणत्या विषयांच्या शिक्षकांचे पत्र मागते हे त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचावे. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि दुसरे मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे किंवा भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाचे लागते. कॅलटेकची अपेक्षाही अशीच दोन बाजूंची आहे. म्हणजे कॅल्क्युलस आणि रसायनशास्त्र ही जोडी घेतली तर या दोन ठिकाणी अर्ज अडेल, आणि रसायनशास्त्र व इतिहास ही जोडी घेतली तर दोन्हीकडे चालेल. याच्या उलट, आमच्याकडील युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या अर्जात शिफारसपत्र जोडण्याची सोयच नाही. एमआयटीचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नसून त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर असतो, हेही शिक्षकांना आधी सांगावे, म्हणजे त्यांना तेच पत्र दोन ठिकाणी चढवावे लागेल याची कल्पना येईल.

मराठी शाळेच्या संचालिकांचे पत्र शिक्षकांच्या पत्राच्या जागी चालणार नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये ‘इतर शिफारसकर्ते’ असा एक वेगळा प्रकार असतो आणि काही कॉलेजे तो स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. जेथे स्वीकारतात तेथेही ते पत्र काही नवे सांगणार असेल तरच पाठवावे. येथे जन्मलेली मुलगी पाच-सहा वर्षांच्या मुलांना देवनागरी गिरवायला शिकवते, ही गोष्ट हायस्कूलच्या कोणत्याही शिक्षकाला माहीत असणार नाही, त्यामुळे माझ्या मते ते पत्र उपयोगाचे आहे. अट एवढीच की संचालिकांनी मुलीला शिकवताना पाहिलेले असावे आणि त्या नात्यातल्या नसाव्यात.

उत्तर ३ – द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, मॅसॅच्युसेट्स

काकू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण मी स्वतः अशीच भिडस्त होते. कृपया ईमेल तुम्ही लिहू नका. विनंती आईकडून आली की शिक्षकांना पहिला प्रश्न हाच पडतो की मुलीला हे पत्र हवे आहे की घरच्यांना. विचारण्याचे काम तिचेच आहे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. तास संपल्यावर किंवा शाळा सुटल्यावर, आजूबाजूला इतर मुले नसताना, प्रत्यक्ष जाऊन विचारावे. बोलायला अगदीच जमत नसेल तर दोन ओळींची ईमेल पाठवून भेटीची वेळ मागावी आणि मुख्य विनंती भेटीतच करावी.

विनंतीचे शब्द असे असावेत की शिक्षकांना नाही म्हणणे सोपे जावे. ‘तुम्ही मला पत्र द्याल का?’ असे विचारले की बहुतेक शिक्षक संकोचाने हो म्हणतात. ‘माझ्याविषयी मनापासून चांगले लिहिता येईल इतके तुम्ही मला ओळखता असे तुम्हाला वाटते का?’ असे मी विचारले होते. एका शिक्षकांनी थोडा विचार करून सांगितले की तू चांगली विद्यार्थिनी आहेस, परंतु दुसरे कोणी अधिक चांगले लिहू शकेल. त्या क्षणी वाईट वाटले, तरी त्यांनी खरे सांगितले हा त्यांचा चांगुलपणाच होता, कारण त्यांच्याऐवजी मी ज्यांच्याकडे गेले त्या इंग्रजीच्या बाईंना माझे निबंध आठवत होते.

शिक्षक हो म्हणाल्यावर त्यांना एक पान लिहून द्यावे. अनेक शाळांत त्यासाठी ठरलेला अर्ज असतो आणि मुले त्याला ब्रॅग शीट म्हणतात. त्यात पारितोषिकांची यादी लिहिण्याची चूक पुष्कळ मुले करतात. ती यादी अर्जात असतेच. त्या शिक्षकांच्या वर्गात घडलेल्या दोन-तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता धडा किंवा प्रयोग मनात राहिला, कुठे अडले, त्यातून बाहेर कसे आले, आणि पुढे काय शिकायचे आहे. तुमच्या मुलीने इतिहासाच्या सरांना निबंधाचा पहिला, लाल शाईचा खर्डा आणि शेवटचा खर्डा असे दोन्ही सोबत द्यावेत. सरांना दीडशे मुलांचे निबंध तपासावे लागतात. स्वतःचे शेरे पुन्हा पाहिले की त्यांना तो सगळा काळ आठवेल.

एक तांत्रिक गोष्टही आहे. कॉमन अ‍ॅपमध्ये शिक्षकांना निमंत्रण पाठवण्यापूर्वी फेर्पाचा प्रश्न येतो. हा १९७४ चा कायदा असून त्याअन्वये विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा अधिकार आहे. प्रवेश घेतलेल्या कॉलेजात आपली शिफारसपत्रे पाहण्याचा अधिकार आपण सोडतो की राखतो, हे तेथे नोंदवायचे असते. मी तो सोडला आणि सगळे समुपदेशक तेच सुचवतात, कारण विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असले की शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाऱ्याचाही त्या पत्रावर विश्वास बसतो.

पत्र गेल्यावर हाताने लिहिलेले आभाराचे कार्ड द्यावे. महागडी भेटवस्तू देऊ नये. अनेक शाळांत शिक्षकांना ती घेता येत नाही. निर्णय आल्यावर मात्र तो त्यांना जरूर कळवावा. माझ्या बाईंनी मार्चमध्ये स्वतःहून विचारले होते, तेव्हा लक्षात आले की त्याही वाट पाहत होत्या.

उत्तर ४ – कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक, पुणे

ताई, तुमचा प्रश्न अमेरिकेतील शाळेचा आहे, परंतु ही चर्चा महाराष्ट्रातून थेट पदवीसाठी अर्ज करणारी मुलेही वाचत असतील, म्हणून त्यांच्या अडचणीविषयी लिहितो. त्यांची परिस्थिती अधिक बिकट आहे.

राज्य मंडळाच्या पद्धतीत दहावीपर्यंतची शाळा एक आणि अकरावी-बारावीचे महाविद्यालय दुसरे. ज्या शिक्षकांनी मुलाला पाचवीपासून पाहिले ते दहावीनंतर मागे राहतात, आणि नवीन महाविद्यालयात अर्जाची वेळ येईपर्यंत जेमतेम सव्वा वर्ष झालेले असते. त्यातही विज्ञान शाखेची पुष्कळ मुले दिवसभर कोचिंग क्लासमध्ये असतात आणि आमच्यासमोर येतात ती केवळ प्रात्यक्षिकाला. असा विद्यार्थी ऑक्टोबरमध्ये शिफारसपत्र मागायला आला की त्याचा हजेरी क्रमांक पाहूनही मला चेहरा आठवत नाही. म्हणून परदेशी अर्ज करण्याचा विचार असेल तर अकरावीच्या सुरुवातीपासूनच निदान दोन विषयांच्या तासांना नियमित बसावे. पत्रासाठी म्हणून नव्हे, तर आपल्याला ओळखणारे शिक्षक असावेत म्हणून. जर्नल स्वतः लिहावे. माझ्याकडे सहीसाठी येणाऱ्या जर्नलांत निरीक्षणे एकमेकांच्या वहीतून उतरवलेली असतात, आणि ज्या एखाद्या वहीत आकडे थोडे वेडेवाकडे पण स्वतःचे असतात त्या वहीचा विद्यार्थी मला लक्षात राहतो. वरील निवृत्त बाईंनी बुडबुड्याची जी हकिकत सांगितली, ती वाचताना मला माझी प्रयोगशाळा आठवली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. वर्ग मोठे असतात, इंग्रजीतून असे पत्र लिहिण्याची सवय नसते, आणि त्यात नेमके काय अपेक्षित आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तरीही विद्यार्थ्याने हे करू नये. ते अप्रामाणिक आहे ही पहिली गोष्ट. आणि दोन शिक्षकांची पत्रे, सोबतचा निबंध, या सगळ्यांची भाषा एकाच हातची दिसली तर ते अर्ज वाचणाऱ्याच्या लक्षात येते. त्याऐवजी शिक्षकांना त्यांच्या वर्गातील प्रसंगांचे टिपण द्यावे, हवे तर मराठीत द्यावे, आणि पत्र त्यांनाच लिहू द्यावे. जे शिक्षक मराठीतच चांगले लिहू शकतात त्यांनी मराठीत लिहावे. मूळ पत्रासोबत इंग्रजी भाषांतर जोडण्याची पद्धत आहे, आणि ते भाषांतर विद्यार्थ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी न करता महाविद्यालयातील इंग्रजीच्या शिक्षकांनी करावे. साध्या भाषेतले, पण पाहिलेले लिहिणारे पत्र हे आंतरजालावरून उचललेल्या भारदस्त इंग्रजी पत्रापेक्षा कितीतरी चांगले असते.

कोचिंग क्लासच्या सरांचे पत्र मुख्य शिक्षकाच्या जागी देऊ नये; द्यायचेच असल्यास ‘इतर’ या प्रकारात द्यावे. शाळेतील जुन्या शिक्षकांचे पत्रही तेथेच बसते. आपल्याकडे समुपदेशक नसतात, तेव्हा ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करू शकतात, पण त्यांना पोर्टलवर काय काय भरावे लागते हे आधी शेजारी बसून दाखवावे लागते. ईमेल शक्यतो महाविद्यालयाच्या अधिकृत पत्त्यावरून जावी. अधिकृत पत्ता नसेल तर पत्र लेटरहेडवर असावे आणि त्यावर महाविद्यालयाचा दूरध्वनी असावा.

तारखांविषयी एक सूचना. लवकरच्या अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि त्याच्या आसपास आपल्याकडे बहुधा दिवाळीची सुट्टी असते. शिक्षक गावी गेलेले असतात, कार्यालय बंद असते. नेहमीच्या अर्जांची मुदत १ जानेवारीच्या सुमारास येते, तेव्हा पूर्वपरीक्षा चालू असतात. त्यामुळे शिक्षकांना गणपतीच्या सुमारासच सगळे देऊन ठेवावे.

प्रश्नकर्त्या आईचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी ही चर्चा आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचली. एमआयटीच्या दोन बाजूंच्या अटीमुळे तिच्या वडिलांचा आग्रह संपलाच, पण त्याआधी त्या तक्त्याचे वर्णन वाचून त्यांनी स्वतःच म्हटले की कॅल्क्युलसचे सर यातले निम्मे रकाने भरू शकणार नाहीत. मुलीला विचारले तेव्हा कळले की त्या वर्गात सांगण्यासारखे खरोखरच काही घडलेले नाही. इतिहासाच्या सरांकडे जायची तिची मनातून इच्छा होती. मात्र एवढी लाल शाई मिळाली म्हणजे सरांचे तिच्याविषयी मत चांगले नसणार, असे ती समजून बसली होती. आज तास संपल्यावर तिने स्वतः जाऊन त्यांना विचारले. त्यांनी लगेच होकार दिला आणि दोन्ही खर्डे घेऊन यायला सांगितले.

आता एक अडचण उरली आहे. रसायनशास्त्राच्या बाई सप्टेंबरपासून बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत आणि कदाचित डिसेंबरपर्यंत परतणार नाहीत. अशा वेळी त्यांना विचारणे त्यांच्यावर ओझे टाकण्यासारखे होईल का? आणि पत्र त्यांनी आत्ताच पाठवून ठेवावे का?

निवृत्त शिक्षिका, पेन्सिल्व्हेनिया

जरूर विचारावे, आणि याच महिन्यात विचारावे. रजेची गोष्ट मुलीने स्वतःच काढावी आणि सांगावे की जमणार नसेल तर ती समजून घेईल. ठरवू द्यावे त्यांना. मी त्यांच्या जागी असते तर जूनमध्ये शाळा सुटताच, सगळे ताजे असताना, पत्र लिहून ठेवले असते.

पत्र लिहिणे आणि पाठवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कॉमन अ‍ॅपवर खाते आत्ता उघडता येते आणि त्यातील बरीचशी माहिती पुढच्या वर्षी टिकते, परंतु शिक्षकांना पाठवलेली निमंत्रणे आणि फेर्पाची नोंद टिकत नाही. नवीन वर्षाचा अर्ज १ ऑगस्टला सुरू होतो आणि त्यानंतरच ही दोन्ही कामे करावी लागतात. त्यामुळे मुलीने ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात यादीत निदान एक कॉलेज घालून, फेर्पाचा प्रश्न पूर्ण करून बाईंना निमंत्रण पाठवावे, म्हणजे रजा सुरू होण्यापूर्वी त्यांना पत्र चढवता येईल. तुमच्या शाळेत ही पत्रे नेव्हियन्स किंवा तशाच एखाद्या प्रणालीतून जात असतील तर निमंत्रण तिकडून पाठवावे लागेल. ते समुपदेशकांना आधी विचारावे. रजेच्या काळात शाळेची ईमेल त्या पाहणार आहेत का, हेही विचारून ठेवावे. आणि एमआयटी यादीत असेल तर त्या पोर्टलचे निमंत्रण वेगळे जाईल, तेही ऑगस्टमध्येच पाठवून टाकावे.